मडकं कोणाचं? आजचे सिरॅमिक कलाकार आणि हाताचा प्रश्न

मृदा

ऑक्टोबर २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातल्या टर्बाइन हॉलमध्ये आय वेईवेई या चिनी कलाकाराने सूर्यफुलाच्या बिया अंथरल्या. सुमारे दहा कोटी बिया, वजन दीडशे टन. लांबून नुसता करडा थर दिसायचा. जवळ जाऊन वाकलं की कळायचं, यातली एकही बी खरी नाही. प्रत्येक बी चिनी मातीची, साच्यातून काढलेली, भट्टीत भाजलेली आणि कुंचल्याच्या तीन-चार फटकाऱ्यांत हाताने रंगवलेली.

या कामामागच्या विचाराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. सांस्कृतिक क्रांतीच्या काळातल्या पोस्टरांवर माओ म्हणजे सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड वळवलेली सूर्यफुलं. त्याच टंचाईच्या दिवसांत लोक एकमेकांच्या हातावर मूठभर बिया ठेवायचे, तेवढाच आपलेपणा. शिवाय 'मेड इन चायना' हा शिक्का आणि दहा कोटींच्या ढिगात हरवलेली एकेक बी. हे सगळं मला पटतं आणि काम आवडतंही. पण मला बोलायचंय ते त्या बिया करणाऱ्यांबद्दल.

त्या तयार झाल्या जिंगदेझेनमध्ये. चिनी बादशहांच्या भट्ट्यांचं हे शहर, हजारेक वर्षं चिनी मातीवर जगणारं. तिथल्या सुमारे १६०० कारागिरांनी अडीच वर्षं हे काम केलं. रंगवणाऱ्यांत बायका खूप होत्या. या शहराला अशी कामाची वाटणी नवी नाही. १७१२ साली दांत्रकोल नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने जिंगदेझेनहून लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की एक भांडं पुरं होईपर्यंत सत्तर जणांच्या हातांखालून जातं असं इथले लोक सांगतात. कोणी फक्त काठ करणार, कोणी फक्त निळी रेघ ओढणार. म्हणजे आय वेईवेईने ही व्यवस्था उभी केली नाही, ती आधीपासून होती. त्याने ती इतक्या मोठ्या प्रमाणावर मांडली की तिच्याकडे पाहणं टाळता येईना. तरीही नाव एकाचंच लागलं.

आता दुसरं टोक. मॅग्डालीन ओडुंडो, जन्म नैरोबी, १९५०. इंग्लंडमध्ये शिकली आणि तिथेच काम करते. ती चाक वापरत नाही. मातीच्या गोळ्यातून भिंत वर ओढायची, वळ्या चढवायच्या, भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने खरवडायचं, मग अतिशय बारीक मातीचा पातळ हात देऊन घोटत राहायचं. वर काचेसारखी झिलई चढवत नाही, जी चकाकी दिसते ती घोटण्याची. एका भांड्याला आठवडेच्या आठवडे लागतात आणि वर्षाकाठी मोजकीच भांडी होतात. त्यांची पोटं, माना, पाठीच्या मणक्यांसारखे उंचवटे पाहिले की बाई उभी आहे असं वाटतं. यात पाणी कोणी भरणार नाही. तरीही ते घागरीचंच कूळ आहे. भांड्याची आतली पोकळी हाच तिचा विषय. बाहेरचा सगळा आकार आतून रेटलेला असतो आणि तो रेटणारा हात एकटा तिचा असतो.

आणि तिसरं नाव, जे मला या सगळ्याच्या मध्यभागी दिसतं, ते आजच्या कलाकाराचं नाही. डेव्हिड ड्रेक. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनामधल्या एजफील्ड भागातला गुलाम कुंभार, एकोणिसाव्या शतकातला. मांस आणि चरबी साठवायचे प्रचंड रांजण करायचा. त्या राज्यात १८३४ साली गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा ठरलं. त्याच वर्षापासून याचे ओल्या मातीत कोरलेल्या ओळींचे रांजण सापडतात. काहींवर तारीख आणि 'डेव्ह' अशी सही. १८५७ च्या एका रांजणावर तो विचारतो की माझी सगळी नातीगोती कुठे आहेत कोण जाणे, आणि पुढे सगळ्या माणसांना, सगळ्या राष्ट्रांना मैत्री कळवतो. ज्याची माणसं बाजारात विकली जात होती त्याने धन्याच्या मालकीच्या मातीत हे लिहून ते भाजून पक्कं केलं.

शिकागोचा थिएस्टर गेट्स हा आज जगभर गाजलेला कलाकार मूळचा कुंभारकाम शिकलेला. जपानमध्ये तोकोनामेला जाऊन काम केलेला. २०१० साली मिलवॉकीच्या संग्रहालयात त्याने अख्खं प्रदर्शन डेव्ह कुंभाराला धरून मांडलं. त्याआधी २००७ मध्ये त्याने एक काल्पनिक जपानी कुंभारच उभा केला होता. यामागुची नावाचा, युद्धानंतर मिसिसिपीत येऊन कृष्णवर्णीय बाईशी लग्न केलेला. त्याच्या नावाने ताटल्या केल्या आणि त्या ताटल्यांत लोकांना जेवू घातलं. कृष्णवर्णीय तरुणाने केलेल्या ताटलीपेक्षा जपानी गुरूच्या नावाची ताटली लोक जास्त आदराने हातात घेतात, हे त्याला दाखवायचं होतं असं मला वाटतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गेल्या पन्नास वर्षांतल्या सिरॅमिक कलेत जे खरोखर खोल विचार आहेत ते आकार, रंग, परंपरा-आधुनिकता यांच्याबद्दलचे कमी आहेत. हात कोणाचा आणि नाव कोणाचं, इथे ते पुन्हा पुन्हा येतात. आणि एखाद्या कलाकाराचं काम मी याच कसोटीवर लावते. या प्रश्नाकडे तो सरळ बघतो की नजर चुकवतो?

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांच्या घरात हे काम आहे त्यांनी लिहावं ही विनंती.

अश्विनी_ठाणे

सुंदर धागा. वाचनखूण साठवली. डेव्ह कुंभाराबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्या ओळी वाचून गलबलून आलं. एक प्रश्न: धन्याने त्याला लिहू दिलं कसं?

मृदा

@अश्विनी, तो कुठे लिहायला शिकला याबद्दल अभ्यासकांचे तर्क आहेत, त्यामुळे ठाम काही लिहीत नाही. पण ते रांजण लपवून ठेवायची वस्तू नव्हते, ते बाजारात विकले जात होते. म्हणजे सही आणि ओळी सगळ्यांना दिसत होत्या. काही ओळी अगदी व्यवहाराच्या आहेत, हा रांजण डुकराच्या मांसासाठी चांगला वगैरे. त्याच हाताने, त्याच अक्षरात नातलगांबद्दलची ओळ येते.

सुहास_लंडन

धागा आवडला, पण मूळ कसोटीच मला मान्य नाही.

ब्राँझचा पुतळा शिल्पकार स्वतः ओतत नाही. वास्तुविशारद विटा रचत नाही. कोणी त्यांना विचारत नाही की हात कोणाचा. मग मातीवाल्यांनाच का विचारायचं? माझ्या मते यात मातीकामाला कलाकुसर समजण्याची जुनी सवय लपलेली आहे. ज्याने घडवलं त्याचंच ते, हा हस्तकलेचा नियम झाला. सिरॅमिकवाल्यांना कला म्हणून उभं राहायला या नियमातून सुटायला फार झगडावं लागलंय. ग्रेसन पेरी या इंग्रज कलाकाराला २००३ साली टर्नर हा ब्रिटनचा मोठा कलापुरस्कार मिळाला तेव्हा कुंभाराला हा पुरस्कार कसा काय, याचीच चर्चा जास्त झाली. त्याच्या मोठ्या फुलदाण्या लांबून आजीच्या कपाटातल्या वाटतात आणि जवळ गेल्यावर त्यांवर घरातली मारहाण, वर्गभेद, लैंगिकता असं सगळं कोरलेलं दिसतं. तो स्वतःच्या हाताने वळ्या चढवून करतो हे खरं, पण त्याचं मोठेपण त्यात नाही. लोक ज्याच्याकडे निर्धास्तपणे बघतात अशी वस्तू त्याने निवडली आणि तिच्यावर नको ते सांगितलं, यात आहे.

विचार ज्याचा, काम त्याचं. सोळाशे कारागिरांना मजुरी मिळाली असेल तर प्रश्न संपतो.

खडकवासला

सुहास यांच्याशी सहमत. टेटमधल्या बियांवर लोकांना चालू द्यायचं ठरलं होतं ना? नंतर बंद केलं असं वाचल्याचं आठवतं.

मृदा

@खडकवासला, हो. उघडल्यानंतर दोन-तीन दिवसांतच बंद केलं. लोक चालल्यावर बिया एकमेकींवर घासून बारीक धूळ उडत होती आणि ती छातीत जाणं धोक्याचं म्हणून दोरी बांधली.

@सुहास, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

ब्राँझ ओतलं की ओतणाऱ्याच्या हाताची खूण राहत नाही, किंबहुना ती राहू नये हेच त्याचं कसब. माती तशी नाही. ओल्या मातीवर बोट टेकलं तर ते भट्टीतूनही तसंच बाहेर येतं. हडप्पाकालीन खापरांवर बोटांचे ठसे आहेत. म्हणजे हा प्रश्न मी बाहेरून आणून मातीवर लादत नाही. ती वस्तूच हाताचा पुरावा धरून ठेवते. म्हणून आय वेईवेईने बिया प्लॅस्टिकच्या केल्या असत्या तर त्या कामात काही उरलं नसतं. प्रत्येक बी कोणीतरी हातात धरली होती, या एका गोष्टीवर ते अख्खं काम उभं आहे. विचारच हातावर उभा असेल तर हात कोणाचा हे विचारणं म्हणजे हस्तकलेचा नियम लावणं नाही. ते काम नीट वाचणं आहे.

आणि त्या धुळीचं. सिलिकाची धूळ हा मातीकामगारांचा फार जुना आजार आहे. इंग्लंडमधल्या स्टोकच्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्याने खोकत गेली. प्रेक्षकांची काळजी घेतली हे बरोबरच केलं. पण त्यामुळे प्रेक्षकाला, नकळत का होईना, या धंद्याचं खरं रूप कळलं. मला तर त्या दोरीनंतर ते काम जास्त खरं वाटतं.

टेटने त्या बियांबरोबर करणाऱ्यांचं चित्रण दाखवलं, त्यात चेहरे दिसतात, बोलतातही. म्हणून मी आय वेईवेईला नजर चुकवणाऱ्यांत धरत नाही. फक्त चेहरे दिसले तरी नावं लोकांच्या लक्षात राहिली नाहीत, एवढंच.

चाकावरचा_सातारकर

मृदाताई, तुम्ही बोलावलंत म्हणून लिहितोय. एरवी फक्त वाचतो. आमचं घर कुंभाराचं. आजोबांपर्यंत बलुतं होतं, वडील काही वर्षं विटांच्या धंद्यात गेले, मी नोकरीला. चुलत्यांकडे अजून चाक फिरतं. पणत्या, सुगडं, घटाची मडकी, उन्हाळ्यात माठ.

नावाबद्दल म्हणाल तर आमच्यात मडक्यावर कोणी नाव घालत नव्हतं हे खरं. पण त्याचा अर्थ कोणी केलं ते कळत नव्हतं असा नाही. बाजारात आज्जी लांबूनच सांगायची, हा माठ अमक्या घरचा. काठ कसा मुडपलाय आणि खांदा कुठे वळलाय त्यावरून. नाव वाचायची गरजच नव्हती, गिऱ्हाईक ओळखीचं आणि कुंभार पण ओळखीचा. बलुत्यात तर घरं ठरलेलीच. नाव लागतं तेव्हा, जेव्हा वस्तू अनोळखी माणसाकडे जाते. त्यामुळे 'अनामिक कारागीर' असं लिहिलेलं वाचलं की मला त्रास होतो. तो अनामिक तुमच्यासाठी. गावाला तो नावानिशी माहीत होता.

दुसरं. चाकावर नुसता घाट निघतो. आमच्याकडे मोठं मडकं चाकावरून उतरतं तेव्हा जाड आणि बुटकं असतं, बूड उघडं असतं. जरा सुकलं की आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने थापटत थापटत ते वाढवायचं, बूड मिटवायचं. खरा माठ तिथे होतो. आणि चाकापर्यंत माती येते ती बायकांच्या हातून. खणून आणलेली माती वाळवणं, कुटणं, चाळणं, राख-लीद घालून मळणं, मग मडकी उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात हलवणं, आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी रचताना हाताशी देणं. चाकाला मात्र बाईने हात लावायचा नाही. आमच्या आज्जीने आयुष्यभर माती मळली आणि तिला कोणी कुंभार म्हटलं नाही, कुंभारीण म्हटलं, ते पण नवऱ्यामुळे. म्हणून हात कोणाचा हे विचारायचं तर घराच्या आतसुद्धा विचारा.

केतकी

सातारकर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे.

'अनामिक कारागीर' ही कल्पना जगभर पसरवली ती जपानच्या यानागी सोएत्सु यांनी. १९२० च्या दशकात त्यांनी आणि हामादा शोजी, कावाई कानजिरो यांनी मिंगेई चळवळ उभी केली. रोजच्या वापरातल्या, नाव नसलेल्या माणसांनी केलेल्या वस्तूंत सौंदर्य असतं, असं त्यांचं सांगणं. १९३६ मध्ये तोक्योत त्यासाठी संग्रहालय काढलं. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराबरोबर हामादा १९२० मध्ये इंग्लंडमध्ये सेंट आयव्हजला गेले होते आणि तिथून हा विचार पश्चिमेत रुजला.

पण गंमत नाही, वेदना आहे यात. यानागींना सर्वांत सुंदर वाटली ती कोरियन भांडी, आणि त्या काळी कोरिया जपानच्या ताब्यात होता. ज्यांचं राज्य गेलं त्यांच्या कुंभारांना 'अनामिक' म्हणणं सोपं होतं. यानागींचं कोरियाबद्दलचं प्रेम खरं होतं, तिथल्या वास्तू पाडण्याविरुद्ध त्यांनी लिहिलंही, हे नाकारत नाही. तरी सातारकरांनी जो त्रास सांगितला तो इथेही लागू होतो.

हामादांनी पुढे भांड्यांवर सही करणं सोडलं. त्यांना १९५५ मध्ये सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. भांड्यावर सही नसायची, पण भांडं ज्या लाकडी पेटीत जायचं त्या पेटीवर असायची. संग्राहक पेटी जपून ठेवतात. म्हणजे बाजाराला नाव लागतंच, ते वस्तूवरून हलून वेष्टनावर जातं.

नचिकेत_भ

अवांतर होईल, पण थापटण्याचा उल्लेख आला म्हणून. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मुक्ताबाईने विचारलं यातली कच्ची मडकी कोणती, आणि काकांनी थापटणं घेऊन जमलेल्या संतांच्या डोक्यांवर एकेक टोला दिला. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. आपल्याकडे कुंभाराला परीक्षकाची जागा दिली गेली आहे, तीसुद्धा संतांच्या मेळ्यात. सातारकरांचा प्रतिसाद वाचताना वाटलं की ती जागा आपण जपली नाही. आज प्रदर्शनात कोणतं काम पक्कं हे ठरवायला कोणी कुंभाराला बोलावत नाही.

मृदा

@सातारकर, घराच्या आतसुद्धा विचारा, हे वाक्य मी कायम लक्षात ठेवीन. याला जोडून ओडुंडोबद्दल आणखी लिहायलाच हवं, कारण तिचं शिक्षण नेमकं याच प्रश्नातून गेलंय.

नायजेरियात अबुजा इथे मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रशिक्षण केंद्र काढलं. तिथल्या ग्वारी समाजात मडकी करणं हे बायकांचं काम. चाक नाही, हाताने. कार्ड्यूने केंद्रात चाक आणि झिलई आणली आणि शिकाऊ घेतले ते पुरुष. लाडी क्वाली या बाईची भांडी त्याने पाहिली होती, १९५४ मध्ये ती केंद्रात आली. तिने घागरी हातानेच केल्या, भांड्याभोवती स्वतः फिरत, त्यांवर सरडे, विंचू, मगरी कोरल्या, आणि मग त्या चिनी-जपानी पद्धतीच्या हिरवट झिलईत भाजल्या गेल्या. ती इंग्लंड-अमेरिकेत प्रात्यक्षिकं देत हिंडली. आज नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला तिचं चित्र आहे. कुंभारीण देशाच्या नोटेवर आहे अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

१९७४-७५ च्या सुमारास ओडुंडो अबुजाला गेली आणि तिथल्या बायकांकडून हाताने भांडं उभं करायला शिकली. इंग्लंडमधल्या कला महाविद्यालयात शिकलेली मुलगी चाक सोडून वळ्यांकडे वळली ती तिथे. पुढे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, सान इल्देफोन्सो प्युब्लो या मूळ अमेरिकन लोकांच्या गावात, मारिया मार्टिनेझचं काळं काम तिने पाहिलं. या मारियाची गोष्ट तर या धाग्यासाठीच आहे. तिची काळ्यावर काळी नक्षी असलेली भांडी प्रसिद्ध झाली. घडवायची ती, नक्षी काढायचा नवरा ज्युलियन. त्यांच्या समाजात भांड्यावर सही करायची पद्धत नव्हती, गोऱ्या खरेदीदारांना सही हवी होती. तिने सही सुरू केली आणि सही असली की भाव वाढतो हे दिसल्यावर गावातल्या इतर बायकांच्या भांड्यांवरही आपली सही घालून दिली. संग्राहकांना हे खोटेपणाचं वाटलं. तिच्या दृष्टीने गावाला मिळालेलं नाव गावात वाटलं, इतकं ते साधं होतं. सातारकर म्हणाले तसंच, नाव अनोळखी माणसाला लागत होतं, मग ते सगळ्यांच्या उपयोगी का पडू नये?

२०१९ मध्ये वेकफील्डच्या हेपवर्थ संग्रहालयात ओडुंडोचं मोठं प्रदर्शन झालं. तिथे तिने स्वतःच्या भांड्यांशेजारी जगभरातल्या जुन्या वस्तू मांडल्या, ज्यांच्याकडून ती शिकली. त्यात प्राचीन ग्रीक, इजिप्शियन वस्तू होत्या तशा आफ्रिकी घागरीही. आपल्या हातात कोणाकोणाचे हात आहेत ते तिने सगळ्यांसमोर ठेवलं. नजर न चुकवणं म्हणजे मला हेच अभिप्रेत आहे.

भट्टीवाला

सिरॅमिक इंजिनिअर आहे, त्यामुळे फक्त भाजण्याबद्दल. ओडुंडोची लाल आणि काळी भांडी एकाच मातीची असतात. मातीत लोह असतं. भट्टीत भरपूर हवा असेल तर लोहाचा ऑक्साइड लाल-नारिंगी राहतो. दुसऱ्या भाजणीत भांडं बंद डब्यात लाकडाच्या ढलप्यांबरोबर कोंडलं की हवा संपते, धूर कोंडतो, लोहाचं रूप बदलतं आणि कार्बन मातीच्या छिद्रांत बसतो. भांडं काळं होतं. तेच काळं भांडं पुन्हा मोकळ्या हवेत भाजलं तर परत लाल होईल.

हे आपल्याला नवं नाही. विदर्भातल्या महापाषाण संस्कृतीच्या जागांवर, माहुरझरी, नायकुंड वगैरे, आतून नि काठाशी काळी आणि खाली लाल अशी भांडी सापडतात. नगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून ज्यांना नाव मिळालं ती जोर्वे भांडी साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची, लाल अंगावर काळी नक्षी, इतकी चांगली भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. इनामगावच्या उत्खननात ती ढिगाने मिळाली. यातही हात कोणाचा ते माहीत नाही, पण आगीवर त्यांचा ताबा होता हे खापर हातात घेतलं की समजतं.

अश्विनी_ठाणे

आपल्याकडच्या आजच्या कलाकारांबद्दलही लिहा ना कोणीतरी. सगळी नावं बाहेरचीच येताहेत.

केतकी

@अश्विनी, आपल्याकडे स्टुडिओ पॉटरीचे, म्हणजे कलाकाराने स्वतःच्या स्टुडिओत केलेल्या मातीकामाचे, दोन मोठे झरे. एक, दिल्लीचे गुरचरण सिंग, जे १९१९ मध्ये जपानला शिकायला गेले आणि तिथे लीच, हामादा, यानागी या मंडळींत वावरले. पुढे त्यांनी दिल्ली ब्लू पॉटरी उभी केली. दुसरा, पाँडिचेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी, १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडीने सुरू केलेली. आजचे पुष्कळ भारतीय सिरॅमिक कलाकार तिथे शिकून गेले, मुंबईच्या माधवी सुब्रमण्यन त्यांतल्या एक. तिथल्या स्थानिक तमिळ कामगारांनी हळूहळू हात बसवला आणि त्यांतल्या काहींनी स्वतःच्या भट्ट्या टाकल्या. पाँडिचेरी परिसरात आज जे सिरॅमिकचे छोटे उद्योग दिसतात त्याचं मूळ यात आहे. मीकरांचं आणखी एक मोठं काम म्हणजे भाजलेलं घर. मूळ कल्पना इराणी वास्तुविशारद नादर खलीली यांची. कच्च्या विटांचं घर बांधायचं, आत आणखी कच्च्या विटा, कौलं रचायची, आणि घरालाच भट्टी करून पेटवायचं. घर पक्कं होतं आणि आतला माल विकून खर्चाचा काही भाग निघतो. १९८० च्या दशकात त्यांनी अशी घरं खरोखर बांधली. जळणाच्या हिशोबामुळे ती कल्पना सर्वत्र पसरली नाही, पण भांडं आणि घर यांतला फरक पुसणारा इतका धाडसी विचार विरळाच.

महाराष्ट्रातलं नाव घ्यायचं तर पुण्याच्या निर्मला पटवर्धन. शांतिनिकेतन, मग जर्मनी, मग सेंट आयव्हजला लीचकडे काम. झिलईच्या पाककृती ही कुंभारांची जपून ठेवलेली गुपितं असतात. त्यांनी भारतात मिळणाऱ्या कच्च्या मालावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि सगळं इंग्रजी पुस्तकात खुलं करून टाकलं. आज देशभरातल्या स्टुडिओंत ते पुस्तक मळक्या बोटांनी चाळलं जातं. मृदाची कसोटी लावायची तर मी त्यांना पहिल्या रांगेत बसवीन.

आणि ब्रह्मदेव राम पंडित. बिहारच्या कुंभार घरातला माणूस, मुंबईजवळ भाईंदरला स्टुडिओ, २०१३ मध्ये पद्मश्री. जातीने आलेलं काम आणि स्टुडिओतलं काम यांत जी भिंत आहे ती त्यांनी स्वतः ओलांडली.

चाकावरचा_सातारकर

केतकीताई, ती भिंत आहे हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. शहरात वर्ग लावून मातीकाम शिकणारी मुलं-मुली आता खूप दिसतात, चांगली गोष्ट आहे. माझ्या पुतणीला त्यातल्या एखाद्या ठिकाणी शिकायला जायचंय, फी परवडत नाही. तिला चाक येतं, चुलत्यांनी शिकवलं, आमच्याकडे आता बाईने चाकाला हात लावायचा नाही असं कोणी म्हणत नाही. झिलई आणि जास्त तापमानाची भट्टी शिकायची आहे तिला. गॅसभट्टीत माती वेगळी लागते, आमची माती तेवढ्या तापमानाला वितळते.

भट्टीवाला

@सातारकर, नदी-तळ्याची लाल माती साधारण हजार अंशांच्या आसपासच बरी, त्यापुढे फुगते, वाकते. पण कमी तापमानावर बसणाऱ्या झिलया आहेत. शिशाची अजिबात घेऊ नका, विशेषतः खाण्याच्या भांड्यांना. बोरॅक्सच्या फ्रिटवर, म्हणजे आधी वितळवून दळलेल्या काचेवर, आधारलेल्या मिळतात. आणि पुतणीला सांगा की झिलई न करता घोटून, ओडुंडोसारखं बारीक मातीच्या हातावर काम करता येतं. त्याला घरची माती चालते, वेगळी भट्टी लागत नाही, आव्यावर पत्र्याच्या डब्यात कोंडून काळं करता येतं. माती पाण्यात ढवळून ठेवायची, जड कण खाली बसले की वरचं दुधासारखं पाणी काढायचं, ते आटवायचं, सुकत आलेल्या भांड्यावर लावून गुळगुळीत दगडाने किंवा चमच्याच्या पाठीने घोटायचं. तिला प्रश्न असतील तर इथेच विचारू दे, उत्तरं देईन.

सुहास_लंडन

मी सुरुवातीला जे लिहिलं त्यातलं अर्धं अजून धरून आहे. विचार ज्याचा, काम त्याचं, हे मला अजूनही बरोबर वाटतं. पण मजुरी दिली की प्रश्न संपतो, हे मागे घेतो. मारिया मार्टिनेझच्या सहीचा प्रकार वाचल्यावर ते टिकत नाही.

एका कामाची आठवण देतो. क्लेअर टूमी ही ब्रिटिश कलाकार. २००६ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, जिथे मोठमोठ्या पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतिकृती आहेत त्या दालनात, तिने वेजवुड या जुन्या इंग्रजी भांडी-कारखान्याच्या निळ्या मातीचे चार हजार छोटे पक्षी ठेवले. पुतळ्यांच्या खांद्यांवर, पायांशी, जमिनीवर. लोकांनी ते उचलून घरी न्यायचे होते. त्याच संध्याकाळी सगळे गेले. दालन पुन्हा रिकामं. म्हणजे घडवणारे हात आणि नेणारे हात. मृदाच्या कसोटीत दुसऱ्या हातांचा विचार आलेला नाही. मडकं कोणाचं, या प्रश्नाला घेणाऱ्याच्या बाजूनेही उत्तर असतं.

मृदा

@सुहास, मान्य. आणि सातारकरांनी सांगितलेला बाजार तोच आहे की. घेणारा ओळखीचा असला की नाव लागत नाही. टूमीच्या पक्ष्यांत घेणारा अनोळखी आहे, फुकट नेतो आहे, आणि तरी कोणीतरी घडवलेली वस्तू घरात ठेवतो. त्याचं त्या हाताशी काय नातं झालं, हे मला खरंच माहिती करून घ्यायला आवडेल.

@सातारकर, पुतणीबद्दल व्यक्तिगत निरोप केलाय. आमच्या इथे फी न घेता शिकवायला तयार असलेले एक-दोघं आहेत. बदल्यात त्यांना मोठं मडकं थापटून वाढवायचं शिकायचंय, ते स्टुडिओवाल्यांना येत नाही.

खडकवासला

मुंबईत यातलं काही बघायला मिळेल का? पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन जातोय.

केतकी

@खडकवासला, भायखळ्याला राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. तिथे 'बॉम्बे स्कूल' पॉटरी आहे. १८७० च्या दशकात जे. जे. कला शाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली हे काम सुरू झालं. सिंधी पद्धतीची झिलई आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी. पुस्तकांत टेरींचं नाव येतं. मुलांना नक्षी दाखवाच, पण भांड्यांचे काठ आणि खांदेही नीट बघायला सांगा. धारावीचा कुंभारवाडा पण जमवा, सौराष्ट्रातून आलेली कुंभार कुटुंबं आहेत, दिवाळीच्या आधी गेलात तर पणत्यांचं काम जोरात असतं. फोटो काढण्याआधी विचारा, आणि करणाऱ्याचं नाव विचारून लिहून घ्या. संग्रहालय चालू आहे का ते मात्र निघण्याआधी बघून घ्या, बुधवार टाळा, त्या दिवशी बंद असतं, त्यामुळे शनिवार-रविवार बरा.